अजून केसभर

पट्टी सापडत नव्हती, आणि ती दुसऱ्याच कुणीतरी हरवली याबद्दल घरातल्या प्रत्येकाची खात्री होती.

शनिवारी सकाळी आठपासून शोध चालला होता. दादाने बंदूकदुरुस्तीच्या दुकानातले सगळे खण उपसून काढले, विजेरी घेऊन कामाच्या टेबलाखाली पोटावर सरपटला, कचऱ्याची टोपली वर्तमानपत्रावर उलटी करून बघितली. एवढा आटापिटा कशासाठी, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यासाठी. अण्णांच्या जुन्या पिस्तुलाच्या नळीवर, मागच्या टोकाला तो आडवा बसवलेला असे आणि त्याच्या मधोमध एक खाच असे. नळीच्या पुढच्या टोकाला माशी, म्हणजे छोटासा उभा दांडा. मागच्या खाचेत पुढची माशी बसवायची, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिसला की नेम लागला. आता मागे पट्टीच नव्हती. आणि उद्या सकाळी दहा वाजता नेमबाजी क्लबच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं. गेली बावीस वर्षं ते अण्णांच्या पाच गोळ्यांनी व्हायचं.

"गुरुवारी पिस्तुलाची पेटी कोणी पुसली?" दादाने विचारलं. प्रश्न सगळ्यांना होता, पण बघत होता तो बायकोकडे.

"मी पुसली. वरून फडकं मारलं, उघडली नाही," वहिनी म्हणाली.

"फडकं मारताना पडली असेल."

"ठोकून बसवलेलं लोखंड फडक्याने पडतं होय? मग तुमच्या दुकानाचं काही खरं नाही."

"हे बघ, मस्करीची वेळ नाही. क्लबची बारा पिस्तुलं अण्णांच्या सहीने तपासून दिलीत आपण परवा. उद्या सगळ्यांसमोर सेक्रेटरी जाहीर करणार, की यापुढे क्लबचं सगळं काम आपल्याकडे. आणि त्याच दिवशी अण्णांच्या हातात आंधळं पिस्तूल? हसतील लोक."

स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलेल्या आईच्या हातातली सुरी थांबली. "आंधळं" हा शब्द तिला नको होता. तिने दाराकडे बघितलं. अण्णा बाहेर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मान नेहमीसारखी जराशी वळवलेली, भिंतीवरचं घड्याळ सोडून त्याच्या शेजारच्या खिळ्याकडे बघत. हल्ली ते असंच बघायचे. ज्या गोष्टीकडे बघायचं तिच्या बाजूला. कारण मधलं, जे गेल्या स्पर्धेपर्यंत निदान धूसर तरी दिसायचं, ते आता त्यांना दिसतच नव्हतं. कडेचं दिसायचं, म्हणून भिंतीवर आपटत नव्हते, टेबलावरून घरंगळलेला पेला झेलतसुद्धा होते. पण समोरच्या माणसाचं नाक-तोंड, वर्तमानपत्रातली ओळ, चहाच्या कपाची कड, सगळं गायब. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईनेही त्यांना कळू दिलं नव्हतं, की तिला कळलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पट्टी तिनेच काढली होती. बुधवारी दुपारी अण्णा झोपले असताना, पितळी ठोकणीने, तीन ठोक्यांत. संध्याकाळी भाजीला जाताना पुलावरून नदीत टाकली. पट्टी नाही म्हणजे पिस्तूल नाही, पिस्तूल नाही म्हणजे उद्या चारशे लोकांसमोर अण्णांची गोळी भलतीकडे जायचा प्रश्न नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटून ती त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली होती.

"अरे, कशाला एवढा दंगा?" बाहेरून अण्णांचा आवाज आला. "हरवली तर हरवली. नवी करू. कानसला बोलवा."

आईने सुरी खाली ठेवली. तीन पिढ्या हे घर हरवलेले, मोडलेले भाग नव्याने घडवून देण्यावर जगलं होतं, आणि त्या घरात तिने एक भाग हरवून संकट टाळायला घेतलं होतं. एकोणपन्नास वर्षं इथे काढून एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

कानस म्हणजे धाकटी मुलगी. हे नाव तिला लहानपणीच पडलं, थोडं हातातल्या हत्यारामुळे आणि बरंचसं जिभेमुळे. नऊ वर्षांपूर्वी ती दुकानातून उठून गेली, ती दुसऱ्या गावी एका लॅबमध्ये कवळ्या आणि खोटे दात घडवायला लागली. त्या भांडणाबद्दल आता कुणी बोलत नसे. दादाचा फोन आल्यावर तिने एकच विचारलं, "अण्णांनी सांगितलं की तूच बोलावतोयस?" अण्णांनी सांगितलं म्हटल्यावर ती पुढची बस पकडून साडेबाराला दारात हजर झाली.

आईने तिला चपला काढायच्या आत बाजूला घेतलं.

"जमत नाही म्हण."

"काय?"

"जुनं पिस्तूल आहे, एका दिवसात नाही व्हायचं, असं सांग त्यांना. कशाला उगाच."

"आई, मी? मला जमत नाही असं मी सांगू?"

"दगदग होते गं त्यांना हल्ली."

"दगदग माझ्या हातांना होणार आहे. ते खुर्चीत बसणार आहेत." कानसचा चेहरा तांबडा झाला. "तुम्हाला सगळ्यांना अजून तेच वाटतं ना, की हिला दातच घासू देत?"

आईला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मुलगी आहे, तोंडाने फटकळ, बापाला जाऊन तोंडावर विचारायची. तिने ओठ मिटले, आणि कानस तरातरा खाली दुकानात गेली.

खरं सांगायचं तर कानस पिस्तुलासाठी आलीच नव्हती. बारा वर्षांची असताना तिने पहिला स्क्रू घासून अण्णांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा ते म्हणाले होते, "चालेल." पुढे वीस वर्षं तिने काय काय घडवलं, घोडे, चापाच्या पट्ट्या, नखाच्या टोकाएवढ्या कळा, प्रत्येक वेळी "चालेल". दादाच्या बेढब कामालासुद्धा "चालेल"च म्हणायचे, पण दादाला त्याने काही फरक पडत नसे. तिला पडायचा. आयुष्यात एकदा तरी त्या माणसाने "बरोबर" म्हणावं, एवढीच तिची भूक होती, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी ती भूक असणं हे तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटायचं.

तिने जुनी जागा झाडली, जाड पोलादी पट्टीतून तुकडा कापला आणि कामाला लागली. पिस्तुलावर पट्टी बसायचं जे घर असतं ते तळाला रुंद आणि वर अरुंद, त्यामुळे तुकड्याच्या कडा तशाच तिरक्या घासाव्या लागतात. तुकडा तीनातले दोन भाग अंगठ्याने आत जायला हवा, उरलेला एक भाग ठोकून. तीन वाजता पट्टी घरात बसली, एका ठोक्यात, टिचकीसारखा आवाज करून. मग तिने बारीक कानस घेऊन मधोमध खाच पाडली आणि अण्णांना हाक मारली.

इकडे वर वहिनी भांडी घासता घासता थांबली. सकाळपासून तिच्या मनात खदखदत होतं. या घरात काही हरवलं की ते सुनेनेच हरवलेलं असतं, हे तिला नवीन नव्हतं, पण आज जरा जास्तच झालं होतं.

"आई," ती म्हणाली, "बुधवारी दुपारी मला खालून ठोकणीचा आवाज आला. तीन ठोके. दुकान बंद होतं."

आई ताटातली सालं गोळा करायला लागली.

"मी ह्यांना सांगितलं नाही. पण सकाळपासून माझ्या फडक्याच्या नावाने शंख चाललाय, म्हणून विचारते."

आईने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग सगळं सांगितलं. मधलं दिसत नाही हे, नदीचं, चारशे लोकांचं. सांगताना तिचा आवाज अगदी कोरडा होता. वहिनी ऐकत राहिली. राग कुठल्या कुठे गेला.

"म्हणजे परवा कागदांवर सही करताना ते मला 'कुठे, कुठे' विचारत होते ते... मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं, आई. मला वाटलं चष्मा वर राहिलाय."

"असेल."

"असेल काय? ती बारा पिस्तुलं! त्यांच्या नळ्या आतून कोणी बघितल्या? आत काही अडकलेलं असेल तर नळी हातात फुटते."

आईने तिच्याकडे बघितलं. तिला खरोखरच सुचलं नव्हतं. इतके दिवस तिने एकाच माणसाची अब्रू डोळ्यांत तेल घालून राखली होती, आणि त्या बारा पिस्तुलांच्या मागे उद्या बारा पोरं उभी राहणार होती, चौदा-पंधरा वर्षांची, हे तिच्या गणतीतच नव्हतं.

"चल खाली," ती म्हणाली.

खाली चाचणीच्या खोलीत तोवर निराळंच नाटक चाललं होतं. खोली लांबट, पलीकडच्या टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यावर काळ्या वर्तुळाचा कागद, वर दिवा. अण्णांनी पिस्तूल उघडून आत करंगळी घातली, रिकामं आहे याची खात्री केली. मग कानसने केली. मग पुन्हा त्यांनी. हा घरचा नियम. मग हात ताठ करून त्यांनी कागदावर नेम धरला. हात अजूनही दगडासारखा स्थिर होता.

"माशीच्या बाजूने उजेड येत नाही. खाच रुंद कर."

"किती?"

"केसभर."

तिने केली. वय झालं की खाच रुंद लागते, यात काही विशेष नव्हतं. अण्णांनी पुन्हा नेम धरला.

"अजून केसभर."

पुन्हा केली. पुन्हा तेच. चौथ्यांदा त्यांनी "अजून केसभर" म्हटल्यावर तिने पिस्तूल स्वतः हातात घेऊन बघितलं. माशीच्या दोन्ही बाजूंना इतकी जागा झाली होती, की मधून तिच्या लॅबमधली अख्खी दाढ निघून गेली असती.

"अण्णा, एवढ्यात दिसायला हवं."

"केसभर म्हणालो ना? कान फुटले का लॅबमध्ये?"

तिने त्यांच्याकडे निरखून बघितलं. नेम धरताना मान का वळते यांची? कागद समोर आहे, आणि हे दिव्याच्या बटणाकडे बघतायत. तिने त्यांच्या कानाच्या रेषेत हळूच हात हलवला.

"हात खाली घे. वारा घालतेस काय?" अण्णा म्हणाले.

कडेचं दिसतंय. मग तिने पंजा सरळ त्यांच्या नाकासमोर धरला. अण्णा शांतपणे नेम धरून उभे होते.

कानसने पंजा खाली घेतला. ती पिस्तूल घेऊन टेबलाशी गेली, मोठी कानस उचलली, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंच्या भिंती घासून सपाट करून टाकल्या. दुपारभराचं काम पाच मिनिटांत गेलं. आता तिथे खाच नव्हती, नुसता सरळ कठडा होता. शिव्या घाल, ती मनात म्हणत होती. गाढव म्हण, खाच कुठाय म्हण, टेबलावरून उठव मला. देवा, एकदा ओरडू दे यांना.

तिने पिस्तूल त्यांच्या हातात दिलं.

अण्णांनी नेम धरला. बराच वेळ धरला. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"वा," ते म्हणाले. "आता बसली बघ. आता बरोबर झालं."

ती तिथेच उभी राहिली.

दारात आई आणि वहिनी येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागून आवाज ऐकून दादाही आला होता. त्याने पुढे होऊन अण्णांच्या हातातल्या पिस्तुलाकडे बघितलं.

"हे काय? खाच कुठाय?"

"गप्प बस!" आई ओरडली, पण शब्द सुटून गेला होता.

अण्णांनी पिस्तूल खाली घेतलं. अंगठ्याचं नख पट्टीवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं, मग उजवीकडून डावीकडे. नख कुठेच अडकलं नाही.

"माझी परीक्षा घेतलीस?" ते म्हणाले.

"हो." कानसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "तुम्हीच म्हणायचात ना, की हातातून जाईल ती वस्तू तपासायची. मग ती बापाची का असेना."

"असं म्हणालो नव्हतो."

"दुसरा भाग माझा आहे."

"तिला बोलू नका," आई मध्ये पडली. "सगळं माझ्यामुळे झालंय. पट्टी मी काढली."

अण्णांनी आवाजाच्या बाजूला मान वळवली. "तू? कुठल्या बाजूने काढलीस?"

"डावीकडून ठोकून उजवीकडे. पितळी ठोकणीने. इतकी वर्षं बघतेय की."

"नळीला चरा?"

"नाही पडू दिला."

त्यांनी मान हलवली. कारागिराने कारागिराला द्यावी तेवढी दाद त्यात होती, आणि अशा वेळीसुद्धा वहिनीला हसू फुटायच्या बेतात आलं.

"ते राहू द्या," तीच म्हणाली. "क्लबमध्ये बारा पिस्तुलं आहेत. अण्णा, तुम्ही त्यांच्या नळ्या बघितल्यात?"

"अगं, काही झालेलं नाही त्या पिस्तुलांना," दादा घाईघाईने म्हणाला. "नवी कोरी आहेत. आणि सही म्हणजे काय, एक रीत असते."

"दादा," कानस म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार?"

"तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालाय."

दादाने नाकावरून हात फिरवला. त्याला गुरुवारची सकाळ आठवत होती, आणि ती विसरायचा तो दोन दिवस जिवापाड प्रयत्न करत होता. अण्णांनी एक पिस्तूल उचलून उजेडाकडे धरलं, नळीत बघितलं आणि म्हणाले, "आरसा आहे, आरसा." नळीच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून घातलेलं रबरी बूच तसंच होतं. दादाने ते मागाहून गुपचूप काढलं. अण्णा गंमत करतायत, असं त्याने स्वतःला सांगितलं. कारण अण्णांची सही नसेल तर क्लब त्याला, एकट्याला, दारात उभंसुद्धा करणार नव्हता, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बूच होतं," तो शेवटी म्हणाला. "एका नळीत. अण्णा म्हणाले स्वच्छ आहे. मी नंतर काढलं."

"आणि बाकीची अकरा?"

"अर्धी मी बघितली. बाकीच्यांना वेळ झाला नाही." त्याने सगळ्यांकडे बघितलं. "हे बघा, मी उद्या सातला जातो. गेलो की सगळी बघून ठेवतो. कुणाला सांगायची गरज काय? अण्णांची तब्येत बरी नाही म्हणू. अण्णांची अब्रू राहील, दुकानाचीही राहील. आई, तू सांग ना."

आईला ते पटलं. तिला ते इतकं पटलं, की "हो" तिच्या ओठांवर आलं. इतके दिवस ती हेच तर करत आली होती. तिने अण्णांकडे बघितलं.

"आणि सातच्या आत कुणी पोराने सरावाला पिस्तूल उचललं तर?" वहिनीने नवऱ्याला विचारलं. "रविवारी सहाला सराव असतो. तुम्हीच सांगता ना लोकांना, की क्लब किती शिस्तीचा आहे."

दादाने फोन या हातातून त्या हातात घेतला. आईच्या ओठांवरचं "हो" विरून गेलं.

अण्णांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. ठेवताना आधी डाव्या हाताने टेबलाची कड चाचपली, सगळ्यांसमोर, काही न लपवता. मग खुर्ची चाचपली आणि बसले.

"सेक्रेटरीला फोन लाव," ते म्हणाले.

दादा जागचा हलला नाही. "अण्णा, विचार करा. चाळीस वर्षांचं नाव आहे."

"म्हणूनच. लाव."

तो तरीही हलला नाही. त्याच्या हातातला फोन वहिनीने काढून घेतला, नंबर लावला आणि अण्णांच्या कानाशी धरला. दादाने तिच्याकडे असं बघितलं की आता हिच्याशी महिनाभर बोलायचं नाही. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"नमस्कार," अण्णा म्हणाले. "हो, मीच. उद्याचं नंतर बोलू. आधी ऐका. ती बारा पिस्तुलं कुणाच्या हातात देऊ नका, सरावालासुद्धा नाही. आमची मुलगी आता येऊन एकेक बघेल... नाही, बिघाड आहे असं नाही. आहे की नाही ते मी बघितलंच नाही... हो, सही माझीच आहे... नाही हो, विसरलो नाही."

ते थांबले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. आई नकळत दोन पावलं पुढे आली.

"मला दिसत नाही," अण्णा म्हणाले.

ते वाक्य ते पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि फार मोठ्याने म्हणाले. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. अण्णांनी ऐकून घेतलं.

"विचारतायत, कधीपासून," ते खोलीला म्हणाले.

दादा जमिनीकडे बघत होता. कानसने नाक ओढलं. आई म्हणाली, "सांगा, दीड वर्ष झालं."

अण्णा चमकून तिच्याकडे वळले. चेहऱ्याच्या जरा बाजूला, जिथून ती त्यांना दिसायची तिथे बघत राहिले. मग पुन्हा फोनमध्ये बोलले.

"दोन वर्षं झाली. हिला सहा महिने उशिरा कळलं."